मागच्या गल्लीसाठी प्रार्थना

माझा आवाज चांगला आहे, असं मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलंय आणि मी ते कधी विसरले नाही. सारा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर ओरडण्यात गेला, तरी तो बसला नाही. चर्चमध्ये दुसऱ्यांसाठी देवाकडं मागणं मागायची वेळ आली की पाळकसाहेब आपोआप माझ्याकडं बघतात. मग मी उठते, डोक्यावर पदर घेते, डोळे मिटते आणि सुरू होते. कुणाचा गुडघा, कुणाची सून, कुणाच्या पोराची नोकरी, सगळं नीट खुलासेवार सांगते. बायका पदरानं डोळे पुसतात. आमचे हे एसटीत कंडक्टर होते, त्यांना कशाचंच कौतुक नाही. घरी आलं की म्हणतात, "देवाला समदं ठाऊक असतंय. तू त्याला पत्ता कावून सांगायलीस?" मी त्यांच्यावर डाफरते. "तुम्ही आयुष्यभर तिकिटं फाडली, तुम्हाला प्रार्थनेतलं काय कळतंय?" असं म्हणून चहा ठेवायला आत जाते.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला. पाऊस बेताचा, रान हलकं, दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं. गावात आमचं चर्च आहे, दगडी, मिशनच्या काळातलं. भोवती मोठं आवार, आवाराला भिंत आणि भिंतीवर काचा. त्या कुणी लावल्या, कुणाच्या भीतीनं लावल्या, आम्हा कुणालाच ठाऊक नाही; पण दर रंगरंगोटीला काचा तेवढ्या जपायच्या, ही रीत. बाक भरपूर, माणसं मोजकी. शिकली ती पुण्याला गेली, उरली ती म्हातारी झाली. रविवारी बाकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकणारं, असं आमचं चाललेलं.

मग नवीन पाळकसाहेब आले. तरुण, किडकिडीत, बोलले तर दुसऱ्या बाकापर्यंत ऐकू जाईना, पण जिद्दीचे. आल्या आल्या त्यांनी पंचकमिटीला विचारलं, "भिंतीच्या पलीकडं कोण राहतं, सांगा बरं." आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. "लोकं राहतात," कमिटीतले एक वडीलधारे म्हणाले. "कुठली? काय करतात? आजारी कोण आहे? पाणी कुठनं आणतात?" मला राग आला. मी म्हटलं, "साहेब, इतकी वर्षं आपण कुणाला त्रास दिला नाही, कुणी आपल्याला दिला नाही. हे काय थोडं झालं?" ते म्हणाले, "बाई, उद्या हे चर्च बंद पडलं तर या गल्ल्यांमध्ये कुणाला कळेल तरी का?" त्यांनी गल्ल्या वाटून दिल्या. मागची माझ्या वाट्याला आली.

मागच्या गल्लीत पहिल्यांदा गेले तर बाया विचारायला लागल्या, "पोलिओचा डोस हाय का, बाई?" दुसरी म्हणाली, "मतदार यादी असंल." तिसरीनं दारातच अडवलं. "आमच्यात कुनी बाटायचं न्हाई, आदीच सांगते." मी म्हटलं, "अगं बये, तुला बाटवून मी काय करू? चहा पाज." चहा मिळाला. पुढच्या खेपेला बसायला पोतं मिळालं. आणि चर्चच्या भिंतीला लागून राहणाऱ्या एका मावशीनं मला सरळच सांगितलं, "तुमच्या देवाचं ऱ्हाऊ द्या बाजूला. तुमच्या आवारात बोअरला पानी हाय अन आमी कुठल्या कुठं हंडे घेऊन जातो. फाटक उघडा की."

ते मी कमिटीपुढं मांडलं. चिखल होईल, नळ मोडतील, उद्या जागेवर हक्क सांगतील, असं म्हणत सगळे माझ्यावर उठले. मी भांडले. भांडण मला येतं. फाटक उघडलं. सकाळ-संध्याकाळ आवारात हंड्यांचा आवाज सुरू झाला, आणि भजनं चालू असली की बाया हंडा कमरेवर घेऊन जरा थांबायला लागल्या. म्हणून पाळकसाहेबांनी एक भोंगा मागच्या गल्लीकडं तोंड करून लावला. रविवारी पेटी-तबल्यावरची भजनं तेवढी बाहेर जायची. ती झाली की भोंगा बंद.

ही मावशी माझ्यापेक्षा थोडी मोठी. दरवर्षी तिचा मुलगा आणि सून टोळीबरोबर कारखान्याला जायचे, आणि मावशी नातीला घेऊन मागं राहायची. नातीला मी पहिली-दुसरीत शिकवलेलं, पण तिचं घर कधी बघितलं नव्हतं. हात वर करून करून बाकावरून पडायची, इतकी उत्तरं यायची तिला. आता अकरावीला होती. मी गेले की पुस्तक मिटून चहा टाकायची आणि मला कोडी घालायची. मला येत नसली की टाळ्या पिटायची.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. मी गेले तर मावशीनं दार लोटून घेतलं आणि माझा हात धरला. मुलगा पोरीचं लग्न लावायला निघाला होता. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला टोळीत कोण विचारतं? मुकादमाच्या नात्यातला एक पोरगा एकटा होता, त्याला बायको पाहिजे होती. टोळी हलायच्या आत लग्न उरकायचं, आणि पोरीनं नवऱ्याच्या मागं फडात मोळ्या वाहायच्या. पोरगी अठराची व्हायला अजून कितीतरी अवकाश होता.

"मह्या लेकाचं डोकं फिरलंय," मावशी म्हणाली. "पन टोळी एकदा हालली की सहा महिने कोन लगीन लावतंय? तवर पोरगी लपवायची. मही लेक अंबाजोगाईला हाय. तिच्याकडं पोचली की झालं. तुमी सोमवारी डोळे दाखवायला जानार ना तिकडं? न्या तिला संगं. तुमच्या संगं हाय म्हटल्यावर रस्त्यात कोन काय इचारतंय?"

मी म्हटलं, "नेते. काळजी करू नका." पोरगी चुलीजवळ उभी होती. ती माझ्याकडं बघून हसली. मला इतकं भरून आलं! हेच तर पाळकसाहेब सांगत होते. शेजाऱ्याला आपली गरज पडली आणि त्यानं आपल्याला सांगितलं. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "लई चांगलं काम हाय. तोंड तेवढं मिटून कर."

रविवारी भजनं झाली. पाळकसाहेब म्हणाले, आज आपण शेजारच्या गल्ल्यांसाठी प्रार्थना करू, आणि त्यांच्यासाठी मागतोय ते त्यांनाही कळू द्या, आज भोंगा चालू राहू दे. मी हे ऐकलं. ऐकलं नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी उठले, माइक हातात घेतला.

आम्हा लोकांची प्रार्थना अशीच असते. हिंदू बाई देवळात जाते, मनातलं मनात बोलते, घंटा वाजवून घरी येते. आम्हाला मोठ्यानं मागायचं असतं, सगळ्यांच्या वतीनं, आणि मोठ्यानं मागायचं म्हटलं की तपशील येतो. लहानपणापासून मी हेच ऐकलं, हेच शिकले. त्यात अडचण एवढीच झाली, की त्या दिवशी मला माझा आवाज भोंग्यातून परत ऐकू येत होता आणि तो मला आवडत होता.

नाव घेतलं नाही मी. तेवढी शहाणी आहे, असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "हे आकाशातल्या बापा, आमच्या मागच्या गल्लीतल्या एका हुशार लेकराला सांभाळ. तिच्या शिक्षणावर जो घाला येऊ घातलाय तो दूर कर. तिच्या आजीला बळ दे. उद्याचा तिचा प्रवास सुखाचा कर, अंबाजोगाईचं दार तिला उघड, आणि टोळी निघून जाईपर्यंत तिला तुझ्या पंखाखाली झाक." सगळे आमेन म्हणाले. बायका रडत होत्या. मीही रडत होते. बाकावर बसले तेव्हा आमचे हे माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, की डोळ्यांना लावलेला पदर मी खाली घेतला. मग मला कळलं मी काय केलं ते.

मागच्या गल्लीत अकरावीला गेलेली मुलगी एकच होती.

उपासनेचा शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत तिचा बाप फाटकात आला. त्याच्याबरोबर चार-पाच गडी. "कावून बे पाळक," तो ओरडला, "मह्या घरात नाक खुपसाया तुला कुनी सांगितलंय? मही पोरगी पळवायलास का? पानी पाजून पोरी पळवायचा धंदा हाय का तुमचा?" पाळकसाहेब हात जोडून पुढं गेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते बिचारे काय सांगणार! मी बाकावर बसून राहिले. त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "बाई, तुमी मह्या पोरीच्या मास्तरीन. म्हनून गप बसतो." आणि निघून गेला. तो गप्प बसला याचं मला त्या वेळी बरं वाटलं. अजून आठवतं, बरं वाटलं होतं.

दुपारी कमिटी बसली. उद्या कुणीतरी म्हणेल की आम्ही पोरी फूस लावून नेतो, धर्म बदलतो. मग चर्चला कुलूप लागेल, पाण्याचं फाटकही बंद होईल, इतक्या महिन्यांचं काम मातीत जाईल. सगळ्यांचं एकच ठरलं, की त्या घराकडं कुणी फिरकायचं नाही. पाळकसाहेब मला एकटीला म्हणाले, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" त्यांचा चेहरा उतरला होता. मी 'जाऊ या' म्हटलं असतं, तर ते आले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "कमिटी म्हणते तसं करू."

मी! जी मुख्याध्यापकाशी भांडले, गटशिक्षणाधिकाऱ्याशी भांडले, बोअरच्या पाण्यासाठी आपल्याच माणसांशी भांडले.

सोमवारी सकाळी मी आवरलं नाही. हे म्हणाले, "अंबाजोगाईला जायचं न्हाई का?" मी म्हटलं, "बीपी चढलंय." ते चपला घालून उंबऱ्यात उभे राहिले. मग म्हणाले, "त्या घरी चल. मी येतो संगं. काल सांजच्याला मी गेलतो त्या बाजूनं, बाप घरी नव्हता. मारून तर टाकनार न्हाई ना कुनी." मी म्हटलं, "आपल्यामुळं आधीच झालंय तेवढं पुरे. आता गेलो तर पोरीलाच मार बसेल." हे कारण मला लगेच सुचलं. अशी कारणं मला लवकर सुचतात. शाळेच्या भिंतीवर मुलांच्या मदतीच्या फोनचा नंबर मीच रंगवून घेतला होता, सातवीच्या पोरांकडून पाठ करून घेतला होता. तो अजून पाठ आहे. मी तो लावला नाही. हे आत निघून गेले. माझ्यावर कधी न रागावणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं.

आठवडा झाला नाही तोच मावशीच्या दारात मांडव उभा राहिला. तुळशीचं लग्न व्हायच्या आधी लग्न कसं, असं एखादी म्हातारी कुजबुजली, पण काढीव मुहूर्त निघतो तो अशाच कामासाठी. आणि पोरीच्या बापानं चर्चला आमंत्रण दिलं. स्वतः आला. त्याचा राग उतरला होता, काम झालं होतं. पाळकसाहेबांना म्हणाला, "झालं गेलं इसरा. शेजारी हाव आपुन. समद्यांनी जेवायला या." कमिटी खूश झाली. रविवारी उपासनेला येत नव्हते तेही लग्नाला आले. पहिल्यांदाच सगळं चर्च मागच्या गल्लीत गेलं.

मीही गेले. नवी साडी नेसून गेले. आहेर केला. हातात अक्षता घेतल्या आणि सगळ्यांबरोबर टाकल्या. पोरीच्या डोक्यावर पदर होता, तोंड दिसलं नाही, आणि ते दिसलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले, इतकी मी खाली गेले होते. पंगतीत बुंदी वाढली, ती खाल्ली. मावशी भिंतीशी बसली होती. मी जवळ जाऊन "मावशी" म्हटलं. ती म्हणाली, "जेवलाव का, बाई?" एवढंच. पाहुण्याला विचारतात तसं विचारलं.

त्यानंतर आमचं चर्च वाढलं. खोटं कशाला सांगू, खरंच वाढलं. टोळ्या गेल्या, गल्लीत म्हाताऱ्या आणि लहान पोरं राहिली. पाळकसाहेबांनी आवारात संध्याकाळचा अभ्यासवर्ग काढला, म्हाताऱ्यांना बीपी तपासायला एक सिस्टर बोलावली, भिंतीवरच्या काचा फोडून काढल्या. नाताळला आवार भरलं. मागच्या गल्लीतल्या बायांनी स्वतःच्या हातानं पुरणपोळ्या करून आणल्या. चर्च कसं जिवंत झालं ते बघायला दुसऱ्या गावांच्या चर्चच्या मंडळ्या यायला लागल्या. पाळकसाहेब मला पुढं करायचे, "बाईंनी सुरुवात केली, बाई सांगतील." मी सांगायचे. पोलिओचा डोस सांगायचे, लोक हसायचे. बोअरचं पाणी सांगायचे, लोक माना डोलवायचे. "शेजाऱ्याचं आधी ऐका," असं म्हणायचे. पुढचं सांगत नसे. टाळ्या पडायच्या आणि मला घरी येऊन उलटी व्हायची. ह्यांना वाटायचं, बाहेरचं खाणं सोसत नाही. का त्यांना कळत होतं, कोण जाणे.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत आल्या. एका सकाळी मी चर्चचं आवार झाडून घेत होते. बोअरवर ती उभी होती. साडी नेसलेली, हातात हिरव्या बांगड्या, हात मनगटापर्यंत उसाच्या पात्यांनी कापलेले. गालावर उन्हानं काळे डाग पडले होते. मला बघून तिनं पदर सारखा केला, मोठ्या बाईसारखा. मला पळून जावंसं वाटलं.

"बऱ्या हाव ना, बाई?" तिनं विचारलं.

मी तिथंच बसले, नळाच्या कट्ट्यावर. म्हटलं, "पोरी, माझ्यामुळं झालं तुझं हे सगळं. माझं तोंड... मी भोंग्यावरनं बोलायला नको होतं. मला माफ कर." सहा महिने मी हे वाक्य घोकत होते. मला रडू आलं.

तिनं हंडा नळाखाली सरकवला. म्हणाली, "त्येचं कावून वाईट वाटून घ्यायलाव? मी ऐकलंतं ना ते. भाकरी टाकू लागले होते. तुमचा आवाज आला अन मला लई बरं वाटलं."

मला कळेना ही काय बोलतेय.

"म्हटलं, आता समद्या गावाला कळलं. आता कोन लपवंल? आता बाई येताल, पाळक येताल, समदं चर्च येईल अन पप्पाला सांगंल, असं करू नका. तवा तर मला अंबाजोगाईला जायचं बी कारन उरलं न्हाई, असं वाटलं. भाकरी तशीच ठिवली अन दारात जाऊन बसले. पप्पानं आत ओढलं, तर खिडकीत बसले. सोमवारी बी बसले. आजी म्हनली, येतेत गं, बाई लई भांडखोर हाय, ती ऐकनार न्हाई." ती जरा हसली. "अन समदे आलाव की तुमी. लग्नाला."

हंडा भरून वाहायला लागला. तिनं नळ बंद केला, डोक्यावर चुंबळ ठेवली. हंडा जड होता, एकटीला उचलेना.

"हात लावा, बाई," ती म्हणाली.

मी उठले आणि हात लावला.